मेळाव्यात बोलायचे आहे? मग आधी एवढे करा



लवकरच आपल्या कारखान्याचे गटवार ऊस विकास मेळावे सुरू होत आहेत. ज्यांनी चांगला ऊस पिकवला, खोडवा राखला, ठिबक नीट चालवले, अशा सभासदांनी चार शब्द सांगावेत अशी शेतकी खात्याची इच्छा आहे. निरोप गेले आणि लगेच उत्तरेही आली. "साहेब, शेतात या, सगळं करून दाखवतो. पण माईकसमोर नका उभं करू." काहींनी तर त्या दिवशी नेमके गावाला जायचे काढले! म्हणून शास्त्रीय विषयावरचे भाषण तयार कसे करावे आणि द्यावे कसे, याविषयी प्रस्तुत लेखात लिहीत आहे.

मी काही मोठा वक्ता नाही. कृषी पदविका घेऊन नोकरीला लागलो तेव्हापासून मांडवात, पारावर, देवळाच्या ओट्यावर बोलत आलो. त्यात जे चुकले, त्यातूनच शिकलो. तेव्हा सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

माझे "छान झालेले" भाषण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला मेळावा होता. विषय होता उसातील तणनियंत्रण. मी रात्रभर बसून १९ मुद्दे काढले. तणांचे प्रकार, खुरपणी, आंतरमशागत, उगवणीपूर्वीची तणनाशके, उगवणीनंतरची तणनाशके, नोझल, पाण्याचे प्रमाण, काही म्हणता काही सोडले नाही. सव्वा तास बोललो. शेवटचा मुद्दा असा होता की २,४-डी हे तणनाशक ज्या पंपाने मारले, तो पंप कपाशीला वापरू नये. परंतु तोपर्यंत जेवणाची पाने वाढायला सुरुवात झाली होती. मागची मंडळी उठली होती. मी ते वाक्य घाईने उरकले आणि खाली बसलो. टाळ्या झाल्या. "साहेब, छान झालं भाषण," असे चार जण येऊन सांगून गेले.

पंधरा दिवसांनी एक सभासद कपाशीचे पान घेऊन गट कार्यालयात आले. पान लांबट, अरुंद, थेट भेंडीच्या पानासारखे झाले होते. शेंडे वाकडे झाले होते. त्यांनी माझे ऐकून उसात २,४-डी मारले, तण छान मेले. मग तोच पंप पाण्याने विसळून मावा-तुडतुड्यांसाठी कपाशीवर चालवला. एक एकर कपाशी हातची गेली.

मी म्हटले, "नाना, पंप वेगळा ठेवा असं मी सांगितलं होतं ना?" त्यांनी खिशातली वही काढून दाखवली. औषधाचे नाव, पाणी, दिवस, सगळे नीट लिहिलेले. पंपाचे वाक्य नव्हते. ते म्हणाले, "ते काही आमना कानवर उनं नही, साहेब." रागावले नाहीत, भांडले नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

कारण समजून घ्या. २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवर चालणारे औषध आहे. ऊस गवतवर्गातला, म्हणून योग्य प्रमाणात मारले तर तो सोसतो. कपाशी रुंद पानांची, आणि या औषधाला अतिशय नाजूक. पंपाच्या टाकीत, नळीत, नोझलमध्ये राहिलेला अंशदेखील तिला बाधतो. वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर तुषार गेले तरी तेच होते. आपल्या खानदेशात उसाच्या बांधाला बांध लावून कपाशी असते. म्हणजे १९ मुद्द्यांतला इथल्या माणसासाठी सर्वांत मोलाचा मुद्दा मी शेवटी ठेवला आणि तोच वाया घालवला.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की केली. भाषणाचा निकाल टाळ्यांवरून लागत नाही. ऐकणारा माणूस दुसऱ्या दिवशी शिवारात काय करतो, त्यावरून लागतो. पुढे जे सांगतो ते सारे याच एका गोष्टीसाठी आहे.

१. आधी एक वाक्य ठरवा

कागद घेऊन मुद्दे काढायला बसू नका. आधी स्वतःला विचारा, "माझे ऐकून माणसाने उद्या नेमके काय करावे?" उत्तर एका वाक्यात आले पाहिजे. "खोडवा व्यवस्थापनाचे महत्त्व" हा विषय झाला, वाक्य नव्हे. "ऊस तुटून गेला की पाचट पेटवू नका, सरीत दाबा आणि बुडखे जमिनीलगत छाटा" हे वाक्य झाले.

ते सापडले की त्याला आधार देणारे तीनच मुद्दे निवडा. बाकीचे कितीही चांगले असले तरी पुढच्या मेळाव्यासाठी राखून ठेवा. ते टाकताना जीवावर येते. आपण मेहनतीने शिकलेले सारे सांगावेसे वाटते. पण ऊस विरळणीसारखेच हे आहे. सगळेच फुटवे ठेवले तर एकही नीट पोसत नाही.

आणि ज्या चुकीने पीक, पैसा किंवा माणूस धोक्यात येईल, ती सूचना सुरुवातीच्या पाच मिनिटांत सांगा. शेवटी पुन्हा एकदा सांगा.

२. समोर कोण बसणार आहे?

खानदेश एक म्हणतो खरे, पण शिवारे निरनिराळी आहेत. रावेर-यावलकडचा केळी उत्पादक ठिबकात मुरलेला असतो. त्याला ठिबक म्हणजे काय हे सांगत बसलात तर तो तंबाखू मळायला लागेल. साक्रीकडच्या हलक्या जमिनीच्या सभासदाची अडचण वेगळी. त्याच्या विहिरीला चैत्र-वैशाखात किती पाणी राहते, यावर सारे अवलंबून. त्याच्यापुढे सोळा-अठरा महिन्यांच्या आडसालीचे गोडवे गाऊन काय उपयोग? म्हणून मेळाव्याच्या आधी त्या गटाच्या चिटबॉयला भेटा. लागणी किती, खोडवे किती, पाणी कशाचे, यंदा कोणती तक्रार जास्त आहे, एवढे विचारून घ्या.

भाषेचेही तसेच. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या लेवा बोली, कुणाच्या गुजरी, तर सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिल्ली. तुम्ही घरी जे बोलता तेच व्यासपीठावर बोला. "सेंद्रिय कर्बाचे संवर्धन" म्हणण्यापेक्षा "जमिनीत कुजलेला पालापाचोळा टिकवणे" म्हणा. शास्त्रीय शब्द टाळता येत नसेल तर एकदा सांगा, लगेच त्याचा अर्थ सांगा, आणि पुढे तोच शब्द वापरा. एकाच गोष्टीला तीन नावे दिली की ऐकणाऱ्याला त्या तीन गोष्टी वाटतात.

३. अनुभव, शिफारस आणि ऐकीव गोष्ट

शास्त्रीय भाषण आणि नुसते भाषण यांत फरक तो हाच. प्रत्येक विधान कशाच्या आधारावर केले, ते सांगितले पाहिजे. त्याचे तीन प्रकार पाडा. पहिला, "मी माझ्या शेतात केले". दुसरा, "संशोधन केंद्राची शिफारस आहे". सातारा जिल्ह्यातील पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ सालापासून काम करीत आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे. अशा ठिकाणी बऱ्याच प्लॉटमध्ये, पुन्हा पुन्हा तपासून मग शिफारस निघते. तिसरा प्रकार, "अमक्याने सांगितले". या तिघांची भेसळ करू नये.

समजा तुम्ही म्हणालात, "मी एकरी अमुक टन ऊस काढला." लगेच चार प्रश्न उभे राहतात. आडसाली की सुरू? लागण की खोडवा? क्षेत्र मोजलेले की अंदाजे? वजन काट्याच्या पावतीवरचे की नजरेचे? आडसाली शेतात सोळा-अठरा महिने राहतो आणि सुरू साधारण बारा. त्यांची तुलना महिने न सांगता केली तर ती खोटीच ठरते, मग आकडा खरा का असेना.

आणखी एक सांगतो. यंदा बेणे बदलले, खत बदलले, ठिबकही टाकले आणि उतारा वाढला, तर श्रेय नक्की कुणाचे? पुढे ज्यांना बोलायचे आहे त्यांनी आत्तापासून दहा गुंठे तरी जुन्या पद्धतीने राखावे. एकाच शेतात, एकच बेणे, एकच पाणी, आणि बदल फक्त एका गोष्टीत. मग दोन्हीकडचे वजन वेगळे करा. मेळाव्यात या दोन वजनांना जे मोल येते, ते मोठमोठ्या विशेषणांना येत नाही.

जे फसले तेही सांगा. "पहिल्या वर्षी पाचट ठेवले, पण बुडखे छाटले नाहीत, म्हणून खोडवा विरळ फुटला," असे एक वाक्य बोललात की लोकांचा बाकीच्यावर विश्वास बसतो.

४. आकडे थोडे, पण एकरात

विद्यापीठाच्या पुस्तिकांत आकडे हेक्टरी असतात आणि आपला शेतकरी विचार करतो एकरात. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. बोलणारा "हेक्टरी" म्हणाला आणि ऐकणाऱ्याने "एकरी" धरले, तर खताची मात्रा अडीचपट होते. ती चूक खिशालाही लागते आणि पिकालाही.

पाचटाचेच उदाहरण घ्या. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते कुजवण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी शिफारस आहे. हे मेळाव्यात असे सांगावे : "एकराला सव्वातीन ते चार टन पाचट. त्यावर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो जिवाणू. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते, म्हणजे एकराला पाऊण गोणीपेक्षा थोडा कमी." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच गोणी उभी राहते.

एका भाषणात असे तीन-चार आकडे पुरेत. ते सावकाश सांगा, दोनदा सांगा, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. जास्तीचे आकडे छापील पत्रकावर द्यावेत. औषधाची मात्रा तर तोंडी सांगून सोडूच नये. डब्यावरचे लेबल वाचायला सांगावे.

५. वस्तू हातात घ्या

लंडनमध्ये मायकेल फॅरेडे नावाचा थोर शास्त्रज्ञ होऊन गेला. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम झालेली, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेली. तरी पुढे विजेच्या शास्त्रात त्याने मोठमोठे शोध लावले. रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत १८२५ साली नाताळातील व्याख्याने सुरू झाली, ती मुलांसाठी. १८६०-६१ च्या हिवाळ्यात त्याने तिथे व्याख्यानमाला दिली, ती एका साध्या मेणबत्तीवर! घरोघरची मेणबत्ती समोर पेटवायची आणि ज्वाला, हवा, पाणी, श्वास हे सारे तिच्यावरून समजवायचे. ती व्याख्याने पुस्तकरूपाने आजही वाचली जातात.

आपली मेणबत्ती म्हणजे उसाचे बुडखे. दोन बुडखे मुळांसकट उपटून आणा, एक वर छाटलेले आणि एक जमिनीलगत छाटलेले. वरून छाटलेल्याचे कोंब जमिनीच्या वरच्या डोळ्यांतून आलेले असतात. त्यांना स्वतःची मुळे धड धरता येत नाहीत. खालून छाटलेल्याचे कोंब जमिनीतून येतात आणि जोमाने वाढतात. हे दोन बुडखे पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत हातोहात फिरू द्या. तुमचे अर्धे भाषण तिथेच झाले.

प्रोजेक्टर असला तर वाईट नाही. पण आपला मांडव दुपारचा, कापडातून ऊन येते आणि पडद्यावर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. वीजही आपल्याला विचारून जात नाही. चित्रे दाखवायचीच तर एका चित्रात एकच गोष्ट ठेवा. आणि पडद्याकडे तोंड करून वाचू नका, पाठीला कान नसतात.

६. वेळ

याच फॅरेडेने १८१३ मध्ये, वयाच्या विशीत, मित्राला पत्रे लिहून चांगल्या व्याख्यात्याची लक्षणे कळवली होती. एक तास झाला की पुरे, असे त्याचे मत. पुढे स्वतः नावाजलेला व्याख्याता झाला तरी बोलण्याचा वेग वाढला की सावध करण्यासाठी "सावकाश" असे लिहिलेले कार्ड तो समोर ठेवून घेई. तास संपत आला की मदतनीस "वेळ" असे कार्ड पुढे करी. एवढ्या मोठ्या माणसाला जर कार्ड लागत होते, तर आपल्याला लाजायचे कारण काय? समोर मुलाला किंवा मित्राला बसवा आणि त्याच्या हातात दोन चिठ्ठ्या द्या.

मेळाव्यात २० मिनिटे मिळतील असे धरा. मात्र पाहुण्यांना उशीर झाला, सत्कार लांबले, तर त्या २० ची ८ होतात. म्हणून आठ मिनिटांचे भाषणही तयार ठेवा. खोडव्यावरच्या भाषणाची वाटणी मी अशी करतो :

पहिली २ मिनिटे : मुख्य वाक्य, म्हणजे पाचट पेटवू नका, सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा.
पुढची ५ मिनिटे : कारण. पेटवले की कर्ब आणि नत्र हवेत जाते. कुजवले की जमिनीत राहते, शिवाय ओल टिकते आणि तण कमी येते.
पुढची ६ मिनिटे : कृती, क्रमाने. बुडखे आणि पाचट हातात घेऊन.
पुढची ४ मिनिटे : माझ्या शेतातली दोन वजने आणि माझी एक चूक.
शेवटची ३ मिनिटे : एकरी आकडे पुन्हा, आणि मुख्य वाक्य पुन्हा.

व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव, पद, गाव घेण्यात पाच मिनिटे जातात. "मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि सभासद बंधू-भगिनींनो" एवढ्यात सर्वांचा मान राहतो. त्याबद्दल आजवर कुणी मला रागावले नाही.

७. घरी तालीम

भाषण पूर्ण लिहून वाचू नये. वाचताना मान खाली जाते आणि आवाज कागदात पडतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द लिहा, तेवढे पुरते. पण पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र पाठ असावे. छातीत धडधड होते ती पहिल्या मिनिटात. पहिले वाक्य पाठ असले की गाडी रुळावर येते.

आदल्या रात्री घरच्यांना समोर बसवून, घड्याळ लावून एकदा बोला. मग मुलीला किंवा सूनबाईंना विचारा, "मी काय करायला सांगितलं?" त्यांनी तुमचे वाक्य सांगितले तर भाषण तयार आहे. त्यांना भलतेच काही आठवले, तर चूक त्यांची नाही. पुन्हा मांडणी करा.

८. प्रश्नोत्तरे

प्रश्नांसाठी पाच मिनिटे राखाच. कुणी विचारले की तो प्रश्न आधी माईकवर पुन्हा सांगा, म्हणजे मागे बसलेल्यांनाही कळतो. भगिनी सभासदांना आवर्जून बोलते करा. खुरपणी, बेणे निवड, पाचट पसरणे ही कामे बहुतांशी त्याच पाहतात. त्यांचे प्रश्न फार नेमके असतात.

येत नसेल ते "येत नाही" म्हणा. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी आयुष्यभर मराठीतून विज्ञान सांगितले. मुलांनी सही मागितली तर ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. आपणही तसेच करावे. प्रश्न वहीत लिहून घ्या आणि आठ दिवसांत गट कार्यालयात उत्तर कळवू असे सांगा. आणि कळवा बरं का! अंदाजाने दिलेले उत्तर शेतात उतरते आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो.

शेवटी उलट एक प्रश्न आपण विचारावा. "भाऊ, उद्या शेतात गेल्यावर काय करणार?" दोघा-तिघांना विचारले की आपले सांगणे पोचले की नाही ते तिथल्या तिथे कळते. त्या श्रावणात मी हे एवढे केले असते, तर नानांची कपाशी वाचली असती.

नानांचे भाषण

पुढच्या वर्षी त्याच गावी मेळावा झाला. मी दोन पंप घेऊन गेलो. एकाला लाल पट्टा मारला होता. पहिलेच वाक्य बोललो, "लाल पट्ट्याचा पंप तणनाशकाचा. तो कपाशीत न्यायचा नाही." मग मी नानांना विनंती केली. ते कधी माईकसमोर उभे राहिलेले नव्हते. वहीत जपून ठेवलेले ते वाळलेले पान त्यांनी वर धरले आणि अहिराणीतून चारपाच मिनिटे बोलले. काय केले, काय झाले, किती गेले आणि आता काय करतात. ना मोठा शब्द, ना विनोद. मांडवात कुणी जागचे हलले नाही.

महिन्याभराने त्या गावात फिरलो तेव्हा ज्या ज्या घरी गेलो, तिथे पंपाला लाल रंगाचा पट्टा दिसला. कुणी रंग मिळाला नाही म्हणून लाल चिंधी बांधली होती. माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांत एवढे काम झालेले मला आठवत नाही.

तेव्हा सभासदहो, माईकला घाबरू नका. ज्यांना यंदा बोलायचे आहे त्यांनी मेळाव्याच्या आठ दिवस आधी शेतकी कार्यालयात यावे. आपण बसून तुमचे एक वाक्य ठरवू, एकरी हिशेब तपासू आणि एकदा तालीमही करू. येताना काट्याच्या पावत्या आणि शेतातले बुडखे मात्र घेऊन या. चहा आमच्याकडे.

येता हंगाम आपणा सर्वांस भरघोस उताऱ्याचा जावो.

आपला,
ऊस विकास अधिकारी